डॉ. अ‍ॅडा इंग्लिश, डॉक्टर म्हणून कशा होत्या?

रात्रपाळी: आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल वाचताना या बाई सापडल्या. १९२१ मध्ये जेल, त्याच वर्षी डॉल म्हणजे तिथल्या संसदेत खासदार, जानेवारी १९२२ ला ब्रिटनशी झालेल्या कराराच्या विरोधात मत. सगळीकडे एवढंच. अहो पण बाई सायकियाट्रिस्ट होत्या ना, हॉस्पिटलात काय केलं ते कोणी धड सांगत नाही.

चष्मेबद्दूर: केलं की बरंच. १९०४ पासून आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात बॅलिनास्लोच्या असायलममध्ये, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात होत्या. तेव्हा असायलम म्हणजे माणसं कोंडून ठेवायची जागा, आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्याच, त्यात बाईंनी पेशंटना काहीतरी काम द्यायचं हाच उपचार म्हणून लावून धरला, म्हणजे आपली ऑक्युपेशनल थेरपी. राजकारणही वॉर्डाबाहेर ठेवलं नाही बरं का, स्टाफच्या युनिफॉर्मच्या बटणांवरून व्हिक्टोरिया राणीला हटवून गॉलवेचं चिन्ह आणलं 😄

उगाच_एक: आणि मेडिकल सुपरिंटेंडेंट कधी झाल्या, तर १९४१! १९४२ ला रिटायर, १९४४ ला गेल्या. आयुष्यभर असिस्टंट. बाई म्हणून डावललं, दुसरं काय.

चष्मेबद्दूर: इतकं सरळ नाहीये ते. स्लायगोच्या असायलमचं मुख्य पद त्यांना देऊ केलं होतं, बाईंनीच नको म्हटलं. बॅलिनास्लो सोडायचंच नव्हतं, दफनसुद्धा तिथेच क्रीघच्या कब्रस्तानात, पेशंटांच्या शेजारी. बाई म्हणून अडवणूक बघायची असेल तर एलिनोरा फ्लूरी बघा, डब्लिनच्या रिचमंड असायलममधल्या डॉक्टर. त्यांचे बॉस कॉनोली नॉर्मन यांनी १८९३ मध्ये मनोविकार डॉक्टरांच्या संघटनेसाठी त्यांचं नाव सुचवलं तर नियमात बाई बसेचना, शेवटी नियम बदलून १८९४ मध्ये घेतलं. पहिली बाई मेंबर. या पण करारविरोधीच, १९२३ मध्ये पोर्ट्रेनच्या असायलममध्ये जखमी रिपब्लिकन, म्हणजे करार न मानणारे लढवय्ये, लपवले म्हणून अटक झाली, किल्मेनहॅमच्या जेलमध्ये ठेवलं, सुटल्यावर परत त्याच असायलममध्ये ड्युटीवर हजर!

रात्रपाळी: कमाल आहे! पण बॅलिनास्लोला शॉक ट्रीटमेंटही इंग्लिश बाईंच्याच काळात आली म्हणतात, ते जरा खटकतं.

चष्मेबद्दूर: आली, पण ती निघालीच १९३८ मध्ये रोमला, म्हणजे बाईंच्या नोकरीची शेवटची चार वर्षं. तेव्हा ती एकदम नवी आणि आशेची गोष्ट होती, आजच्या चष्म्यातून नका बघू.