चिऱ्याच्या खाणीत कंबर धरली, मालक म्हणतो दुखणं जुनंच

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) खाणीत काम करताना तुमच्या भावाची कंबर धरली, एमआरआयमध्ये मणक्याची झीज दिसली, म्हणून मालक दुखणं जुनं म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. झीज चाळिशीनंतर पुष्कळांच्या मणक्यात दिसते, तेवढ्याने भरपाईचा दावा बुडत नाही. आधीचं दुखणं कामामुळे वाढलं तरी ती कामावरचीच इजा धरता येते, मात्र तो संबंध कागदावर हवा.

खरी गोची पहिल्या केसपेपरवर होते. ग्रामीण रुग्णालयात घाईत 'कंबरदुखी, 1 महिना' एवढंच लिहितात आणि पुढे तोच कागद उलटतो. तारीख, वेळ आणि 'चिरा उचलून ट्रकवर चढवताना कंबरेत कळ, डाव्या पायाला मुंग्या' असं लिहून घ्या. दुखणं आधी होतं तर लपवू नका. त्या दिवसापर्यंत भावाने पूर्ण हजेरी भरली, हे हजेरीच्या वहीवरून दाखवा. वहीचा फोटो आजच काढा, नंतर वही 'सापडत नाही'. एक चिरा काट्यावर तोलून वजन नोंदवा, दिवसाला किती चढवायचे तेही. सोबतच्या दोघांचे जबाब घ्या. गडी पावसाआधी गावी जातात.

मालकाला लेखी नोटीस लगेच, पोचपावतीसह. दावा 2 वर्षांच्या आत. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर मात्र भरपाई तिकडूनच.

आणि दाखल्यावर नुसतं 'अपंगत्व 20 टक्के' नको. कमाईची क्षमता किती घटली, ते डॉक्टरांनी स्वतंत्र लिहायला हवं. ओझं उचलणाऱ्याच्या बाबतीत हे दोन आकडे एक नसतात.