पंपिंग लाइनच्या तोंडाशी पहाटेचा वास, आणि झडत चाललेलं चेंबर. अर्जात मागायचं काय?

खाडीकाठची_सेक्रेटरी

नमस्कार. आमची सोसायटी खाडीला लागून आहे, शहराचं नाव मुद्दाम देत नाही. गेटसमोर ड्रेनेजचं मोठं चेंबर आहे. पंपिंग स्टेशनचा पाइप तिथे येऊन वरून धबाधबा पडतो आणि पुढे मैलापाणी उताराने जातं. पहाटे साडेपाचला पंप सुरू झाला की थोड्याच वेळात कुजक्या अंड्यांचा वास उसळतो. साधारण पाऊण तास टिकतो, मग कमी होतो. तळमजल्यावरच्या आजींच्या देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं घासून ठेवली तरी चार दिवसांत काळी. दोन घरांत एसीची तांब्याची कॉइल गळाली.

ठेकेदाराची माणसं येतात, काठावर ब्लीचिंग पावडर आणि फिनाइल टाकतात, फोटो काढतात, जातात. मागे झाकणाची चौकट खचली तेव्हा मिस्त्रीने वरूनच पहारीने भिंत टोचून पाहिली. पांढरा लगदा निघाला, आत सळ्या दिसत होत्या. आता कार्यालयाचं म्हणणं, रबरी गॅस्केटचं घट्ट झाकण बसवतो, विषय संपला. कमिटीतले बरेच जण त्यावर खूश आहेत. मला पटत नाहीये, पण का ते मीटिंगमध्ये सांगता येईना. जाणकारांनी मदत करावी.

हिरवा_कोपरा

ताई, केमिकलच्या नादी लागू नका. गूळ-ताकाचं जिवाणू कल्चर बनवून दर आठवड्याला एक बादली ओता. आमच्या कंपोस्टला मस्त लागू पडलंय.

निवृत्त_उपअभियंता

गूळ नको हो. या वासामागचे जिवाणू आधीच पोटभर खातायत, त्यांना आणखी गोड कशाला?

ताई, आधी दोन गोष्टी सांगा. पंपिंग स्टेशनपासून तुमच्या चेंबरपर्यंत लाइन किती लांब आणि किती व्यासाची? आणि रात्री पंप बंद असतो का?

खाडीकाठची_सेक्रेटरी

काका, ऑपरेटरला विचारलं. लाइन १.८ किलोमीटर, ३०० मिलिमीटरची. रात्री बाराच्या पुढे पाणीच येत नाही म्हणून पहाटेपर्यंत पंप लावत नाहीत.

निवृत्त_उपअभियंता

मग तुमच्या पाऊण तासाचा हिशेब लागला. त्या पाइपात सुमारे १२७ घनमीटर, म्हणजे सव्वा लाख लिटरच्या वर मैला रात्रभर उभा असतो. पंप चालू झाल्यावर पाण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला, तर १८०० मीटर लाइन रिकामी व्हायला ३७-३८ मिनिटं लागतात. रात्रभर मुरलेला माल तेवढा वेळ तुमच्या दारात पडतो. त्यामागून ताजं पाणी येतं, वास उतरतो. म्हणजे वास तयार होतो मागच्या सगळ्या लाइनमध्ये, फक्त बाहेर पडतो तुमच्याकडे. काठावर पावडर टाकून त्याला काय होणार? ती पाण्यात पुरेशी मिसळली तर सल्फाइड, म्हणजे हा वास देणारं गंधकाचं संयुग, मारते, पण काठावरच्या मूठभर पावडरीने सव्वा लाख लिटर पाण्याला काहीच होत नाही.

रायझिंग मेन, म्हणजे पंपाच्या दाबाने चालणारी ही लाइन, भरलेली असते, आत हवा नाही. पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात जे जिवाणू असतात ते प्राणवायू संपला की पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि सल्फाइड सोडतात. तेच पाण्यातून सुटलं की हायड्रोजन सल्फाइड वायू, तुमचा कुजक्या अंड्यांचा वास. तुमच्याकडे खाडी आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे २७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं, घरगुती सांडपाण्यात बहुधा शंभराच्याही आत. भरतीला जुन्या सांध्यांतून थोडं खारं पाणी झिरपलं तरी या मंडळींची चंगळ.

आता काँक्रीट. नव्या काँक्रीटचा सामू (pH) १२-१३, त्यावर काही जगत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि हा वायू मिळून तो हळूहळू उतरवतात. मग ओल्या भिंतीवर दुसऱ्या जातीचे जिवाणू बसतात, ते वायूचं गंधकाम्ल करतात. जुनाट चेंबरच्या भिंतीवर सामू १-२ पर्यंत खाली येतो. सिमेंटचं जिप्सम होतं, तोच तुमचा पांढरा लगदा. झीज पाण्याच्या पातळीच्या वर आणि पाइपाच्या माथ्याला होते. खालचा भाग ठणठणीत दिसतो, म्हणून वरवर पाहणारा "सगळं ठीक" असा शेरा मारून जातो.

त्यात आपल्याकडे खडी काळ्या दगडाची. चुनखडीची खडी असती तर तिने स्वतः झिजून बरंचसं आम्ल पचवलं असतं, बेसॉल्ट ते करत नाही. आम्ल फक्त सिमेंट खातं आणि खडी सुटी होऊन पडते. कुणी "सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट वापरतो" म्हणालं तर भुलू नका. ते जमिनीतल्या सल्फेटसाठी असतं, आम्लापुढे त्याचंही काही चालत नाही.

घट्ट झाकणाबद्दल: तुमचा संशय बरोबर. वायू तयार होणं त्याने थांबत नाही. तो कोंडला की भिंतींवर आणखी आम्ल, आणि उरलेला उताराच्या लाइनने पुढच्या चेंबरमध्ये, नाहीतर ज्या घरात ट्रॅपचं (मोरीखाली वास अडवणारं) पाणी सुकलंय तिथल्या मोरीत. वास तुमच्याकडून शेजारच्या सोसायटीत जाईल एवढंच.

अर्जात सगळ्यात आधी लिहा की वरून पडणारा पाइप चेंबरच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली उतरवावा. पाणी जितकं आपटतं तितका वायू सुटतो. हे स्वस्तातलं काम आहे आणि फरक त्याच आठवड्यात कळतो, तरी कुणी सुचवत नाही कारण त्यात बिल मोठं होत नाही.

मुख्य मागणी पंपिंग स्टेशनला डोसिंगची, म्हणजे मोजून रसायन सोडण्याची. कॅल्शियम नायट्रेट रात्रीच्या शेवटच्या पंपिंगबरोबर स्टेशनच्या विहिरीत (पंपाआधी मैला जमतो ती) सोडलं की जिवाणू सल्फेटऐवजी नायट्रेट वापरतात. नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले ठिबकमधून सोडतात तेच खत, मिळायला अडचण नाही. दुसरा पर्याय फेरिक क्लोराइड, त्यातलं लोह सल्फाइडला धरून काळा साका करतं. डोस किती, ते पाण्यातलं सल्फाइड मोजून ठरवायचं, ठेकेदाराच्या अंदाजाने नाही. मोजणी पहाटेच्या त्याच पाऊण तासात करा. दुपारी बाराला नमुना घेतला तर अहवाल निर्दोष येईल. "पंप रात्री थोडाथोडा चालवू" असं उत्तर मिळेल. विहीर तुंबून राहण्यापेक्षा ते बरं, पण रात्री येणारं पाणीच कमी, त्यामुळे लाइनमधला मुक्काम त्याने फारसा घटत नाही.

कुणाच्याही सांगण्यावरून चेंबरमध्ये संडास साफ करायचं ॲसिड ओतू देऊ नका. सामू ७ ला निम्मं सल्फाइड वायूच्या रूपात असतं, ८ ला जेमतेम एक दशांश. ॲसिडने सामू उतरला की सगळंच वर येतं. ब्लीचिंगवर ॲसिड पडलं तर क्लोरीन वेगळाच.

ब्रिस्बेनचा_बंड्या

काकांच्या सल्फेटच्या मुद्द्यात भर. आमच्या इथल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ साली सायन्स नियतकालिकात दाखवलं की इथल्या सांडपाण्यातल्या सल्फेटचा मोठा वाटा पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात वापरलेल्या तुरटीतून येतो. तुरटी म्हणजे सल्फेटच. तुमच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी की पॉलिअल्युमिनियम क्लोराइड, तेही विचारून घ्या. आणि भिंतीवर आम्ल करणारे ते जिवाणू पहिल्यांदा वेगळे काढले पार्कर यांनी, १९४५ च्या सुमारास, मेलबर्नमध्ये. तेव्हा इथेही गटारं अशीच झडत होती.

खाडीकाठची_सेक्रेटरी

काका, बंड्या, खूप आभार. कमिटीला आकड्यांसकट वाचून दाखवलं, पाऊण तासाच्या हिशेबाला सगळे गप्प. दोन शंका. चेंबरची दुरुस्ती कशाने करायला सांगायची? आणि ठेकेदार म्हणतो, "माणूस उतरवून प्लास्टर मारून घेतो, एक दिवसाचं काम." वास तर दुपारी नसतोच, मग चालेल ना?

निवृत्त_उपअभियंता

नाही चालणार. वास नाही म्हणजे वायू नाही असं नसतं. हवेत अब्जात काही भाग असला तरी नाकाला कळतो, पण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. पाचशे-सातशेला माणूस शुद्ध हरपून पडतो, काढायला उतरलेला दुसराही. वायू हवेपेक्षा जड आहे, तळाशी साचतो. माणूस खाली आणि वर कुणी पंप सुरू केला तर विचारच नको. हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी आहे, आणि असा मृत्यू झाल्यास ३० लाख भरपाईचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे. हे वाक्य अर्जात जसंच्या तसं घाला, ठेकेदाराला प्रत द्या.

दुरुस्तीला साधं प्लास्टर मारलं तर पुन्हा तेच होईल. सळ्या उघड्या पडल्यात, तेव्हा मी तर चेंबरच बदला म्हणेन: पंपिंग वळवून, खड्डा खणून, एचडीपीई (टणक प्लास्टिक) किंवा फायबरग्लासचं तयार चेंबर. पैसे नसतील तर कुजका थर निघेपर्यंत जेटने धुऊन हाय ॲल्युमिना सिमेंटचं अस्तर, तेही वायू-मापक आणि ब्लोअर लावून, पंप बंद करून कुलूप घातल्यावर. आणि उताराकडची पुढची दोन चेंबरं वरून कॅमेरा सोडून तपासायला सांगा. पाण्याबरोबर वायूही तिकडे गेलेला आहे, रस्ता खचेपर्यंत थांबू नका.