साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे नेमके किती तास?

आई-बाबा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटरवर, न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला माझ्याकडे येतायत. बाबांनी तिकीट पाहून फोन केला, "रात्री अडीचला निघायचं, सकाळी नऊला पोचायचं. साडेसहाच तास?" म्हटलं, बाबा, इथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं. मग फोनवर जरा शांतता. मंडळी, तुमचे अनुभव लिहा, त्यांना वाचून दाखवेन.

एडिसनहून : इकडे येताना सोळा तास धरा, भारतात परतताना चौदाच्या आसपास. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात तो. हिवाळ्यात जास्तच. एकदा जानेवारीत मुंबईला जाताना पडद्यावर ताशी ११०० किमी वेग पाहिला. शेजारचे काका पायलटचं कौतुक करत होते, मी गप्प बसलो.

बे एरियातून : किलोमीटरवर जाऊ नका. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० च्या घरात, आणि वेळ उलट वाचला! कारण तेच, वारा पाठीशी.

शिकागोहून : आकाशातले रस्तेही बंद होतात बरं. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, वळसा घालावा लागायचा. दिल्लीहून निघालेलं आमचं विमान इंधनासाठी व्हिएन्नात थांबलं. आम्ही आतच बसून.

पुण्याहून, वय ७४ : तुमच्या आईंसाठी लिहिते. समोरच्या पडद्यावरचं ते चिमुकलं विमान बघत बसायचं नाही. तासाभराने बघावं तरी कास्पियन समुद्राशीच. मी पर्समध्ये कापूस नेला होता, वाती वळत बसले. हवाईसुंदरी दोनदा वाकून बघून गेली, तिला वाटलं काही औषधपाणी चाललंय. मोजून सहाशे झाल्या आणि नेवार्क आलं. दर दोन तासांनी उठून फेरी मारायची, नाहीतर माझ्यासारखं होईल. उतरताना पाय चपलेत जाईनात, शेवटी टाचा बाहेर ठेवून फरफटत इमिग्रेशनपर्यंत गेले.

मेलबर्नहून : आमचं मुंबईपासून जेमतेम ९,८०० किमी, थेट विमान मिळालं तर साधारण बारा तास. पण माहेर कोल्हापूर! रात्रभराची बस, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, आणि गेल्या खेपेला स्वस्तात म्हणून मधे बदलायचं विमान घेतलं ते चुकलं. दारातून दारात पस्तीस तास. तेव्हा "फ्लाइट किती तासांची" हा प्रश्नच चुकीचा आहे.

धागाकर्ती (म्हणजे मी, प्रश्न विचारणारी) : सगळं वाचून दाखवलं. बाबांनी पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून पाहिला, तो आइसलँडवरून गेला. आता त्यांना खिडकीचीच जागा हवीये. आईने कापूस निवडायला घेतलाय.