मदत हवी आहे : जुन्या रोझ कट हिऱ्यांचं कोंदण सांगलीत कोण करतं?

नमस्कार मंडळी. आजेसासूबाईंच्या कुड्या माझ्याकडे आल्यात, हिरे रोझ कटचे. तळ सपाट, वर घुमटासारखा उठाव आणि त्रिकोणी पैलू, तेही साधारण ३ ते २४. आजच्या ब्रिलियंट कटला ५७-५८ असतात, म्हणून तो लखलखतो. रोझ कटमध्ये प्रकाश बराचसा तळातून निघून जातो. पूर्वीचे कारागीर म्हणूनच मागे चकचकीत पत्रा लावून बंद कोंदण करायचे. त्याची ती शांत, पाणीदार चमक मला फार आवडते. समईच्या उजेडात तर बघतच राहावं!

जाऊबाई म्हणतात, मोडून नवे हिरे घ्या, हे मंद दिसतात. त्यांची आवड वेगळी, त्यांना ठसठशीत चमक हवी. पण मला हेच हिरे घालायचेत.

अडचण अशी, की एका कुडीतला पत्रा ओल शिरून काळा पडलाय. सराफ कट्ट्यावर किंवा साताऱ्याकडे जुनं बंद कोंदण उघडून पुन्हा पत्रा घालणारा विश्वासू कारागीर कुणाला माहीत आहे का? की आता मागून उघडं कोंदण करावं? तसं केलेल्यांनी चमक किती उतरली ते जरूर सांगा. आणि हिरे काढताना कडा टवकायची भीती कितपत असते?