अनुभव धागा : ‘द हॉबिट’मधील धैर्य, लोभ आणि आपण

सूत्रधार, रावपुरा, बडोदे

या पावसाळ्यात आम्ही आठ-दहा जणांनी दांडिया बाजारातील एका घरी दर रविवारी जमून जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द हॉबिट’ ही १९३७ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मोठ्याने वाचून काढली. एक जण इंग्रजीतून वाचत असे, दुसरा अडेल तेथे मराठीत सांगत असे, आणि एकोणीस प्रकरणांपैकी पहिली पंधरा विनातंटा पार पडली. सोळाव्या प्रकरणात मात्र चहा निवून गेला तरी भांडण मिटेना.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजा थॉरिन धरून तेरा बुटके आणि ‘चोर’ म्हणून करारावर नेमलेला बिल्बो हा घरकोंबडा हॉबिट (माणसासारखाच, पण ठेंगणा जीव), असे चौदा जण स्मॉग या ड्रॅगनने बळकावलेला डोंगर आणि त्यातील खजिना परत मिळवायला निघतात. ड्रॅगन मरतो, पण तो मारतो तळ्यावरच्या गावातील बार्ड नावाचा तिरंदाज, आणि त्या रात्री ते गाव जळून जाते. बार्ड नुकसानीचा आणि खजिन्यात मिसळलेल्या आपल्या पूर्वजांच्या धनाचा वाटा मागतो; थॉरिन दगडी भिंत उभारून कवडीही देत नाही. तेव्हा बिल्बो खजिन्यातील सर्वांत अनमोल रत्न, म्हणजे आर्कनस्टोन, जे तो आधीच खिशात घालून बसलेला असतो, ते रात्री गुपचूप नेऊन बार्डच्या हाती देतो.

हे धैर्य की विश्वासघात, असा आमचा वाद होता. शेवटी ठरले की मते पुरे झाली. या पात्रांच्या शेजारी ठेवता येईल असा प्रसंग आपल्यावर ओढवला असेल तर तो प्रत्येकाने लिहावा. स्वतःची बाजू सावरून घेऊ नये, एवढीच विनंती.

निवृत्त बँक कर्मचारी, दांडिया बाजार

थॉरिनचे वकीलपत्र घ्यायला कोणी पुढे येणार नाही, म्हणून मी घेतो. माझा त्यात स्वार्थ आहे. तो मुळात लोभी नाही. घर गेल्यावर ज्या राजवंशाने परमुलखात लोहारकाम आणि कोळशाच्या खाणीतले काम करून पोट भरले, त्याला आपली वस्तू परत हवीशी वाटणे यात गैर काय? लोभ त्याला हिशेबाच्या रूपाने धरतो. बार्डची मागणी तो ऐकतो, त्यातले न्याय्य काय हे त्याला कळते, आणि तरीही ‘सैन्य दाराशी उभे करून मागता, म्हणून देणार नाही’ असे कारण त्याला सापडते. असे कारण नेहमी सापडते, हे मी अनुभवाने सांगतो.

२०१३ साली आमचा वाडा विकला गेला तेव्हा आजोबांच्या काळातील चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी हा जोड वाटणीला आला. पुण्याच्या चुलत बहिणीचे म्हणणे होते की एक तिला, एक मला. माझे म्हणणे होते की वाड्याची घरपट्टी पंधरा वर्षे माझ्या वडिलांनी भरली, सबब दोन्ही माझ्या. ती घरपट्टीची पावतीबुके मी बैठकीत मांडली होती. अखेर अत्तरदाणी तिच्याकडे गेली, गुलाबदाणी माझ्याकडे आली, आणि त्या धांदलीत गुलाबदाणीचे वरचे जाळीचे डोके नाहीसे झाले. ते बहिणीने मुद्दाम ठेवून घेतले असे मी मनाशी ठरवून टाकले आणि बोलणे सोडले.

ती बिनडोक्याची गुलाबदाणी तेव्हापासून लॉकरमध्ये आहे. बिल्बो स्मॉगच्या ढिगातून एकच दोन कानांचा पेला उचलतो, आणि जागा झाल्यावर ड्रॅगनला तो गेल्याचे तत्काळ कळते. लेखक म्हणतो की कधीही न वापरलेली वस्तू गेल्यावर धनवंतांना जो संताप येतो, तसा तो संताप होता. हे वाचले गेले त्या रविवारी मी घसा खवखवत असल्याचे सांगून लवकर घरी गेलो.

गृहिणी, समा

मला बोगद्याबद्दल लिहायचे आहे. बिल्बो एकटा बोगद्यातून खाली जातो. पुढे लालसर उजेड दिसतो, चुलीवर रटरटणाऱ्या मोठ्या हंड्यासारखा आणि प्रचंड बोक्याच्या गुरगुरण्यासारखा आवाज येऊ लागतो, आणि तो थांबतो. तेथून पुढे पाऊल टाकणे हे त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे धाडस होते, असे लेखक स्पष्ट सांगतो. ड्रॅगन तर त्याला अजून दिसलेलाही नसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा आमचा तळमजला बुडाला. तळमजल्यावरच्या आजींना आम्ही संध्याकाळीच वर आणले होते, पण त्यांचे इन्सुलिन खालीच राहिले. दिवे गेलेले, यजमान कामानिमित्त सुरतेस अडकलेले, आणि आमच्या नदीत मगरी आहेत हे बडोद्याच्या माणसाला कोणी निराळे सांगावे लागत नाही. मी मोबाइलचा उजेड घेऊन जिन्याने उतरले. पाणी जेथे सुरू होत होते त्याच्या वरच्या पायरीवर मी थांबले. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. खाली अंधारात काहीतरी एका लयीत भिंतीवर आपटत होते. मी परत वर जाऊन ‘मिळाले नाही’ असे सांगू शकले असते, कोणी दोष दिला नसता, हा विचार मी दोनदा केला आणि दुसऱ्यांदा तर वळलेही.

आपटत होता तो रिकामा गॅस सिलिंडर होता. पाणी कमरेच्या थोडे वर होते, फ्रिज कलंडला होता, आणि दाराच्या कप्प्यात डबी तशीच कोरडी होती. नंतर सोसायटीत माझे जे कौतुक झाले ते पाण्यात शिरल्याचे. पाण्यात शिरल्यावर मला भीती वाटलीच नाही. पाय सिलिंडरला लागून ठेच लागली आणि राग तेवढा आला. त्या पायरीविषयी मी येथे प्रथमच लिहिते आहे.

मगरी सोडवणारा एक स्वयंसेवक, फत्तेगंज

काकूंचा अनुभव वाचून राहवले नाही. त्याच आठवड्यात आम्ही रात्रंदिवस फिरत होतो. लोकांना वाटते की आमच्या कामात मगरीशी झुंज हे मुख्य असते. मगरीचा जबडा मिटण्याची ताकद अफाट, परंतु उघडण्याचे स्नायू दुबळे असतात. डोळ्यांवर ओले पोते टाकले, जबडा दोरीने बांधला की ती बरीच शांत होते. कठीण असते ती भोवतालची गर्दी. एका सोसायटीच्या वाहनतळात साधारण पाच फुटांची मगर भिंतीला टेकून होती आणि वीसेक माणसे काठ्या-सळया घेऊन उभी होती. त्यांची चूक म्हणता येत नाही; त्यांची मुले वरच्या मजल्यावर होती.

मला त्या वेळी डोंगराखालच्या अंधारात राहणारा गॉलम हा जीव आठवला. बिल्बो जादूच्या अंगठीमुळे अदृश्य आहे, हातात तलवार आहे, वाट अडवून बसलेला गॉलम निःशस्त्र आहे, आणि त्याने थोड्या वेळापूर्वीच बिल्बोला खाण्याचा बेत केलेला आहे. बिल्बोच्या मनात त्या जिवाच्या अंधाऱ्या, एकाकी दिवसांची कल्पना क्षणभर येते, आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून जातो. आमच्या वाचनात एकाने यास दुबळेपणा म्हटले होते. मी त्या वीस जणांना कायदा सांगून पाहिला, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही पहिल्या अनुसूचीत येते; कोणी ऐकले नाही. मग मी एवढेच म्हणालो की ती वाट चुकून आलेली आहे आणि तिला आपल्याहून अधिक भीती वाटते आहे. एका आजोबांनी काठी खाली ठेवली. बाकीच्यांनी ठेवली नाही, पण मला दोरी टाकू दिली. तिला वनविभागाच्या ताब्यात दिले.

शिक्षिका, वाडी

माझा अनुभव लहान आहे. बार्ड हा कथेत फार उशिरा येतो, आणि येतो तोही कुरकुऱ्या म्हणूनच. हा नेहमी पूर आणि विषारी मासे यांचीच भाकिते करतो, असे गावकरी त्याच्याविषयी म्हणतात. ड्रॅगन आल्यावर गावाचा प्रमुख सोनेरी नावेत बसून निसटू पाहतो, आणि शेवटचा बाण उरेपर्यंत उभा राहतो तो हा कुरकुऱ्या. पुढे त्या प्रमुखाला गावासाठी सोने मिळते, ते घेऊन तो पळतो आणि ओसाड रानात उपाशी मरतो.

आमच्या गल्लीतील एक सद्गृहस्थ त्या पुराच्या आदल्या दिवशी दारोदार जाऊन ‘गाड्या उंचावर लावा’ असे सांगत होते. मी त्यांना दारातूनच ‘अहो, शुभ बोला’ असे सुनावले. माझी दुचाकी दुरुस्त होण्यास तीन आठवडे लागले. त्यांची क्षमा मी मागितली आहे, परंतु त्यांनी पुन्हा काही सांगायला यावे इतकी मोकळीक अद्याप झालेली नाही.

इतिहासाचा हौशी वाचक, मांडवी

खजिन्याचा विषय निघाल्यावर बडोदेकराने गप्प कसे राहावे? खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवला, मल्हाररावांनी भरीव सोन्याच्या तोफा ओतवल्या, आणि १८७५ साली मल्हारराव पदच्युत झाले. त्याच वर्षी कवळाण्याहून दत्तक आणलेल्या मुलाने, म्हणजे सयाजीरावांनी, पुढे १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, जेथे मी शाळेत असताना ही कादंबरी प्रथम हातात घेतली. सोने पुरलेले असते तोवर ड्रॅगनचे. बार्ड त्यातून डेल हे आपले शहर पुन्हा वसवतो. गालिचा २००९ साली दोह्याच्या लिलावात विकला गेला. मला स्वतःला ना सोन्याचा अनुभव, ना ड्रॅगनचा. ग्रंथालयाचा आहे, तेवढा नोंदवला.

सेवानिवृत्त कामगार प्रतिनिधी, मकरपुरा

मी वादात बिल्बोच्या विरुद्ध होतो आणि सर्वांत मोठ्याने बोलत होतो. त्याचे कारण आज लिहितो.

तीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदीचा अडतिसावा दिवस होता. वाटाघाटीत आमच्या बाजूने मी होतो. आमचा नेता सच्चा, तुरुंगात जाऊन आलेला, परंतु मागणीतील एक आकडा त्याच्या मानाचा प्रश्न झाला होता, आणि घरोघरी भांडी गहाण पडत होती. आमच्या समितीने अगदी नाइलाज झाल्यास मान्य करायचा आकडा एका कागदावर लिहून ठेवला होता. तो मी एका रात्री समोरच्या बाजूच्या, मला प्रामाणिक वाटणाऱ्या, अधिकाऱ्याला तोंडी सांगितला. चार दिवसांत तडजोड झाली. कारखाना सुरू झाला. आकडा फुटला कसा, याची चौकशी झाली आणि संशय दुसऱ्याच एका सहकाऱ्यावर गेला. त्याने वर्षभरात नोकरी सोडली.

म्हणून मला बिल्बोचा राग येतो. रत्न देऊन झाल्यावर बार्डच्या बाजूचा एल्फांचा राजा त्याला ‘येथेच राहा, येथे तुझा मान राहील’ असे म्हणतो, आणि तो नाही म्हणतो, कारण मध्यरात्री बॉम्बर या बुटक्याला पहाऱ्यासाठी उठवण्याचे त्याने कबूल केलेले असते. तो दोरावरून परत चढतो आणि खरोखर उठवतो. दुसऱ्या दिवशी थॉरिन भिंतीवरून ओरडून विचारतो की हे यांच्या हाती कसे आले, तेव्हा भीतीने चिरकलेल्या आवाजात ‘मी दिले’ असे तो स्वतः सांगतो. थॉरिन त्याला सशासारखा गदागदा हलवतो, खाली खडकांवर फेकायला निघतो. रत्न देणे मला जमले होते. भिंतीवरचे ते दोन शब्द जमले नाहीत, आणि ज्याच्यासाठी ते उच्चारायला हवे होते तो आता हयात नाही.

सूत्रधार

काका, आपण हे लिहिलेत यावर मी काही भाष्य करणार नाही. थॉरिन मरताना बिल्बोशी समेट करतो ते प्रकरण पुढच्या रविवारी पुन्हा वाचावे, अशी दोघांची सूचना आली आहे. आपली इच्छा असेल तरच वाचू.

सेवानिवृत्त कामगार प्रतिनिधी, मकरपुरा

वाचावे. मी ऐकायला येईन. मराठीत सांगण्याचे काम मात्र त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे द्यावे.

निवृत्त बँक कर्मचारी, दांडिया बाजार

वरील अनुभव दोनदा वाचला आणि काल रात्री पुण्याला दूरध्वनी केला. पहिली पाच मिनिटे आम्ही दोघेही पावसाबद्दलच बोललो. मग मी गुलाबदाणीच्या डोक्याचा विषय काढला. तुझ्याकडे आहे का, असे न विचारता, माझ्याकडचे हरवले आहे, असे म्हणालो. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग तिने सुनेला हाक मारली. अत्तरदाणीच्या डब्यात सापडलेली ती जाळीदार वस्तू नेमकी काय असावी हे त्यांच्या घरात कोणालाच उमगले नव्हते, आणि सुनेने तिच्यात मिरपूड भरून पाहिली होती. भोके मोठी असल्यामुळे फार पडते, अशी तक्रार आहे.