सोबतीचा दुसरा फोन: वावरातले, दुकानातले आणि घरातले अनुभव

मुख्य फोन एक आणि सोबतीला १५ ते २० हजारांच्या घरातला दुसरा, अशी व्यवस्था आता आपल्या खेड्यापाड्यांतही रुळली आहे. दुकानात कॅमेऱ्याचे आणि वेगाचे आकडे सांगितले जातात. पण वऱ्हाडच्या उन्हात आणि रेंज येऊनजाऊन असलेल्या गावात असा फोन कसा टिकतो, हे वापरणाऱ्यांनीच सांगावे, म्हणून हे अनुभव मागवले आहेत. फोन कोणत्या कामासाठी ठेवला आहे, ते कृपया आधी लिहावे.

कापूस उत्पादक, वणी तालुका, जि. यवतमाळ

माझा दुसरा फोन केवळ वावरासाठी आहे. ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून पऱ्हाटीचा फोटो काढावा लागतो आणि त्यासोबत ठिकाणाचीही नोंद जाते, त्यामुळे जीपीएस लवकर जागा पकडते की नाही, हे मला मेगापिक्सेलपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटे इतकी खरचटतात की फोन ठसा ओळखतच नाही. म्हणून मी पिन ठेवला आहे. फवारणीच्या वेळी फोन बंडीतल्या झाकणाच्या डब्यात असतो, कारण औषधाचा हात लागलेला फोन संध्याकाळी लेकरांच्या हाती जावा, हे मला मान्य नाही.

उन्हाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर बरेचसे फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता उष्णतेने कायमची घटते, आणि ती पूर्ण भरलेली असेल तर अधिक वेगाने घटते. त्यामुळे मी पहाटे चार्जिंग करतो आणि ते ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सुरू ठेवतो. टिनाच्या कोठ्यात भर दुपारी चार्जिंग आपोआप थांबले, तर फोन बिघडला असे समजून तो लगेच दुरुस्तीला नेऊ नये. सावलीत थंड होऊ द्यावा आणि मग पाहावे.

अंगणवाडी सेविका, धारणी तालुका, जि. अमरावती

कामाच्या नोंदी एका फोनवर आणि घरचे सगळे दुसऱ्यावर, ही विभागणी मी कटाक्षाने पाळते. दुसऱ्या फोनमध्ये मुद्दाम वेगळ्या कंपनीचे सिम घातले आहे, कारण मेळघाटात एका टेकडीवर एकाची रेंज मिळते आणि पुढच्या वळणावर दुसऱ्याची. गरज पडली की त्याच्या हॉटस्पॉटवर नोंदी पाठवता येतात, मात्र तो फार वेळ चालू ठेवला की फोन तापतो.

किराणा दुकानदार, मूर्तिजापूर, जि. अकोला

गल्ल्यावरच्या फोनला मी छोटे, वेगळे बँक खाते जोडले आहे. बाजाराच्या दिवशी तो गर्दीत गेला, तरी घरची पुंजी त्यावर नाही. यूपीआयची नोंदणी करताना बँकेत दिलेल्या क्रमांकाचे सिम त्याच फोनमध्ये असावे लागते, त्यामुळे नुसते अ‍ॅप टाकून भागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप मात्र मुख्य फोनशी जोडून दोन्हींकडे चालते. मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही, तर ती जोडणी तुटते.

निवृत्त शिक्षक, साकोली, जि. भंडारा

अडीअडचणीसाठी ठेवलेल्या फोनचे सिमही जिवंत ठेवावे लागते. प्रीपेड क्रमांकाचा सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असली, तर तो बंद होऊ शकतो. ज्यांच्या बँकेचा ओटीपी त्या क्रमांकावर येतो, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आरमोरी, जि. गडचिरोली

आमच्या घरचा दुसरा फोन आई वापरते. अक्षरे मोठी करून आणि नको असलेली अ‍ॅप काढून मी तो तिला दिला. आता धानाचे भाव आणि मावशीचा व्हिडिओ कॉल ती कोणाला न विचारता पाहते. फोन निवडताना सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे आम्ही आधी पाहिले, कारण फार जुन्या अँड्रॉइडवर बँकेची अ‍ॅप चालेनाशी होतात. कंपनीने दिलेली मुदत फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जाते, आपण घेतला त्या दिवसापासून नव्हे. तेव्हा जुने मॉडेल स्वस्तात मिळत असेल, तर त्याची किती वर्षे उरली आहेत, तेही दुकानातच विचारून घ्यावे.