मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या मराठी फायलींसाठी लिनक्स सोडून परत विंडोजवर जावं का?

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप २०१६चा. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, सोबत एसएसडीही (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान). मशीन आता पळतंय (श्रेय मिंटचं की एसएसडीचं, यावर घरात वाद आहे). आईचं यूट्यूब, माझं ब्राउझरमधलं काम, सगळं मजेत.

अडलंय बाबांचं. ते सोसायटीचे सचिव. पंधरा वर्षांची इतिवृत्तं युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी यासाठीची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. मिंटवरच्या लिब्रे ऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) उघडली तर ‘सर्वसाधारण सभा’च्या जागी टोपी घातलेली इंग्रजी अक्षरं. बाबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ही कुठल्या देशातली सोसायटी?"

विंडोज डिस्कच्या दुसऱ्या भागात (पार्टिशनवर) ठेवलंय, पण तिथे घड्याळ साडेपाच तास मागे जातं. बाबा पहाटे पाचला कामाला बसतात, त्यामुळे नोटिशीवर आदल्या दिवसाची तारीख पडली. एका सभासदाने ती बरोबर पकडली!

काय करू?

प्रतिसाद १
फायली बिघडलेल्या नाहीत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की आतली अक्षरं उघडी पडतात. विंडोजच्या फोल्डरमधून फॉन्टच्या टीटीएफ फायली आणून मिंटमध्ये इन्स्टॉल करा. वाचायचं-छापायचं काम भागेल. घड्याळाचं म्हणाल तर मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे). लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला लावा.

प्रतिसाद २
मी दोन वर्षं उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) वापरून परत विंडोजवर आलो. बायको घरून टॅलीवर हिशेब लिहिते, दुसरं कारण नाही. घरातलं एक माणूस अडलं तरी हाक आपल्यालाच येते हो.

प्रतिसाद ३
परत कशाला जाताय? मिंटमध्येच व्हर्च्युअलबॉक्स (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात विंडोज १० चालवा, ४ जीबी रॅम द्या आणि त्याचं नेट बंद ठेवा. टायपिंगचं सॉफ्टवेअर तिथे, बाकी सगळं मिंटवर. आणि नव्या नोटिसा तरी युनिकोडमध्ये काढा, नाहीतर पुढच्या सचिवाला हाच धागा काढावा लागेल.

धागाकर्ता
फॉन्ट टाकले, २०११ची सभा स्वच्छ दिसली. बाबांनी आधी गच्चीच्या गळतीचा ठराव शोधला. गच्ची अजून गळतेय. घड्याळही जमलं.

आता व्हर्च्युअलबॉक्सच्या मागे आहे. पण बाबांच्या टायपिंग सॉफ्टवेअरला यूएसबीचं डोंगल (लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी किल्ली) लागतं. ते आतल्या विंडोजला दिसतं का? कुणी करून बघितलंय?